अस्तराखालच्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. हल्लीच्या चाकांच्या बॅगा बघितल्या की मला हसू येतं. ढकललं की पळतात, सोडलं की कलंडतात आणि एक चाक निखळलं की कोपऱ्यात तोंड लपवून बसतात. मला चाकं नाहीत. मला उचलावंच लागतं, आणि जो उचलतो त्याला माझी किंमत कळते.

लिहायला-वाचायला मात्र मला येत नाही. माझ्या पोटातून पुष्कळ कागद आले आणि गेले, पण पोटात कागद राहिल्याने कोणी शहाणं होत नाही. मी जे शिकले ते धक्के खाऊन शिकले. त्यातला सगळ्यात मोठा धक्का तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक खोली होती. तिथला कारागीर प्लायवूड कापायचा, त्यावर काळं जाड कापड चिकटवायचा आणि कोपऱ्यांना पत्रा ठोकायचा. ठोकताना खिळे तोंडात धरायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं नाही. "टिकेल ना?" असं कोणी विचारलं की तो सरळ बॅगेवर उभा राहायचा. माझ्यावरही राहिला. मी हूं की चूं केलं नाही. तेवढ्यावर सौदा झाला.

मला घेणारे एक तरुण शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. घरी त्यांच्या बायकोने मला उघडलं, आतून हात फिरवला आणि म्हणाली, "बाहेरून शहाणी दिसते. आत अस्तर लावलंय की गोणपाट?" त्याच दुपारी तिने ते अस्तर उसवलं आणि दुकानात उरलेल्या निळ्या सॅटिनचं नवं शिवलं. त्या दिवसापासून मी तिची झाले. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणते.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, असं ते घर. मी बाजारातून कापडाचे गठ्ठे वाहिले, लग्नाचे कपडे घरोघर पोचवले, मास्तरांच्या लेकीच्या लहानपणी तर तिचा पाळणा झाले. माझ्या वजनामुळे मास्तर मला "आमची म्हैस" म्हणायचे. बाईंना ते आवडायचं नाही. "म्हैस म्हणा नाहीतर हत्तीण म्हणा," त्या म्हणायच्या, "हिच्या पोटात घातलेलं काही आजवर हरवलं नाही." हे ऐकलं की माझे पत्र्याचे कोपरेही चमकायचे.

बाईंच्या घरात दोन नियम होते. पहिला असा की जिवापाड जपायची वस्तू कपाटात ठेवायची नाही, शिवून टाकायची. दागिना कोटाच्या अस्तरात, कपाटाची किल्ली गादीच्या शिवणीत. दुसरा नियम असा की हातून शिवलेली कोणतीही वस्तू दुकानाच्या पट्टीशिवाय सोडायची नाही. दुकानाचं नाव आणि फोन नंबर विणलेली ती बोटभर पट्टी. बाईंचा हात त्याबाबतीत थांबायचाच नाही. एकदा त्यांनी शेजारणीला उशीची खोळ शिवून दिली, तिलाही पट्टी. शेजारीण म्हणाली, "आता माझ्या झोपेतही तुमच्या दुकानाची जाहिरात का?"

मग मास्तरांच्या हृदयाची झडप खराब झाली. दवाखान्यात मी त्यांच्या खाटेखाली होते, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते मी स्वतः ऐकलं. "नवी झडप बसवली आहे. आता रक्त पातळ ठेवणारी ही गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. चुकवायची नाही. चुकली तर झडपेपाशी रक्ताची गुठळी होते. ती डोक्यात गेली तर हात जाईल, नाहीतर वाचा जाईल."

बाईंनी गोळीचं पाकीट डॉक्टरांच्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं. तेव्हापासून दुकानाचे दिवे लागले की एका हातात पाणी, दुसऱ्या हातात गोळी घेऊन बाई मास्तरांसमोर उभ्या. मास्तर शिलाई मशीनवरून मान वर करायचे, गोळी गिळायचे, पुन्हा मान खाली. गोळीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मला बायको ठाऊक आहे. नाव कशाला ठाऊक हवं?" खरं सांगायचं तर नाव बाईंनाही ठाऊक नव्हतं. गुलाबी, लहान, मधे रेघ, एवढं त्यांना पुरायचं. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायची सून.

मुलाचं लग्न होऊन ही सून घरात आली तेव्हा तिच्याबरोबर एक चाकांची बॅग आली. मला कपाटावर चढवलं. माझ्या पोटात जुन्या रजया, पाठीवर धूळ. वर्षं गेली. मी कोणाला बोल लावला नाही, पण रात्रंदिवस छताकडे बघत पडून राहणं काय असतं ते तुम्ही कपाटावर चढून बघा.

आणि एक दिवस परदेशातून लेकीचा फोन आला. तिला पहिलं बाळ होणार होतं. आईवडील दोघांनी यावं, असा तिचा हट्ट होता. बाई आणि मास्तर दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास. फोन ठेवता क्षणी बाई स्टुलावर चढल्या आणि मला खाली घेतलं.

"आई, ती कशाला? माझी चाकांची घ्या ना," सून म्हणाली.

"तुझ्या त्या बॅगेत चार भांडी घातली तर ती रडायला लागेल."

"भांडी न्यायचीच नाहीत आपल्याला."

"हे कोणी सांगितलं?"

"मी मोबाईलवर बघितलंय, परदेशी जाताना काय न्यायचं ते."

"मोबाईलवर बघून कॉलर लावायला शिकली असतीस तर दुकानाचं भलं झालं असतं."

सून हसली. उलट बोलायची नाही ती, पण हलायचीही नाही. जमिनीवर सगळा पसारा मांडून ती एकेक सांगत बसली. गरम कपडे हाताशी ठेवा, उतरल्या उतरल्या थंडी लागेल. तेलाच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. तिकडच्या भिंतीतली भोकं वेगळी असतात, म्हणून हा वेगळा प्लग. हातातल्या पिशवीत एकेक जोडी कपडे ठेवा, मोठी बॅग उशिरा आली तर अंगावरच्यावर राहावं लागेल. बॅगेच्या आत नाव-पत्त्याची चिठ्ठी घाला आणि मुठीला ही पिवळी चिंधी बांधा, लांबून ओळखू येईल.

"चिंधी?" बाई म्हणाल्या. "माझी बॅग हजारात ओळखू येते. आणि चिठ्ठी कशाला? ही काय जत्रेत हरवणारं पोर आहे?"

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी मनात म्हटलं, ऐक गं सूनबाई.

वजनाचा प्रसंग तर विचारू नका. सुनेने शेजाऱ्यांकडून वजनाचा काटा आणला. बाईंनी आधी एकट्याने उभं राहायचं, मग मला उचलून उभं राहायचं, मग वजाबाकी. बाई एकट्या उभ्या राहिल्या आणि सून बघायच्या आत खाली उतरल्या.

"आई, आकडा बघू द्या ना."

"तू बॅगेचं वजन कर. माझं तुला काय करायचंय?"

"तुमचं वजा केल्याशिवाय बॅगेचं कसं कळणार?"

"मग नको कळायला."

शेवटी मास्तर काट्यावर चढले. त्यांना जड उचलायची मनाई होती, म्हणून मुलाने मला त्यांच्या हातांवर नुसतं टेकवलं. काट्याला काय कळायचं ते कळलं, आम्हाला काही कळलं नाही.

आता खरी गोष्ट. सुनेने गोळ्यांची पाकिटं पुढे केली. "आई, एवढं एक ऐका. ह्या हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत अजिबात नको."

"हातातली पिशवी कोणीही ओढून नेईल," बाई म्हणाल्या. "आणि एवढी पाकिटं कशाला? सोलून डबीत भरते, जागा वाचेल."

"सोलायच्या नाहीत. पाकिटावर नाव असतं. नाव नसलेली गोळी तिकडे कोण ओळखणार?"

यावर दोघींचं बराच वेळ चाललं. मुलगा दुकानात जाऊन बसला, तो दोघींच्या मधे कधी पडत नाही. अखेर बाईंनी अर्धं ऐकलं. गोळ्या सोलल्या नाहीत. पण सून झोपायला गेल्यावर त्यांनी माझ्या झाकणाचं निळं अस्तर उसवलं, आत एक कप्पा शिवला, सगळी पाकिटं त्यात घातली आणि अस्तर पुन्हा बारीक टाक्यांनी बंद केलं. हाताच्या सवयीने कप्प्याला आतून दुकानाची पट्टीही लावली. आणि हातातल्या पिशवीत, जिथे गोळ्या हव्या होत्या तिथे, त्यांनी आपली मोठी कात्री ठेवली. बाळाची झबली तिकडे जाऊन बेतायची होती ना. ती कात्री बाईंनी कधी मुलाच्या हातात दिली नाही, विमानाच्या पोटात कशी देतील?

विमानतळाच्या दाराशी सून थांबली. पुढे जायला तिला परवानगी नव्हती. "आई, गोळ्या?"

"ठेवल्यात गं. नीट ठेवल्यात."

मला काउंटरवर ठेवलं. तिथल्या काट्याने कोणाची वजाबाकी मागितली नाही, सरळ सांगितलं की मी जड आहे. बाईंनी घाईघाईने मला उघडलं, स्वेटर काढले, रजई काढली, भांडी तर दाराबाहेर थांबलेल्या मुलाकडे परत पाठवली. त्यांचा हात माझ्या झाकणावरून दोनदा गेला. मला वाटलं, आता आठवेल. पण शिवलेली वस्तू म्हणजे बाईंच्या मनात सुखरूप वस्तू. माझ्या मुठीला कागदाची पट्टी चिकटली, पट्टा सरकला आणि मी अंधारात गेले.

पुढे तपासणीला कात्री काढून घेतली, हे मला नंतर कळलं. बाई तिथल्या माणसाशी पुष्कळ भांडल्या म्हणे. कात्रीसाठी डोळ्यांत पाणी आलं, पण गोळ्या काही आठवल्या नाहीत.

मधे कुठेतरी विमान बदललं. मला एका बॅगेवरून दुसरीवर फेकलं, मुठीचा कागद कशात तरी अडकला आणि फाटून गेला. तेवढाच आवाज झाला, टर्र. आणि मी कोणाचीच राहिले नाही.

एका मोठ्या खोलीत मला नेऊन ठेवलं. तिथे माझ्यासारख्या चुकलेल्या पुष्कळ होत्या. सकाळपासून माणसं यायची आणि लांबूनच म्हणायची, ती लाल फितीची माझी, ती फुलांच्या रुमालाची माझी. काळ्या बॅगांपुढे मात्र कोणी थांबायचं नाही. माझ्या शेजारी माझ्याच रंगाच्या दोन होत्या. हजारात ओळखू येणारी मी, तिघींत ओळखू येत नव्हते.

खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं. दिवे लागायची वेळ. बाईंच्या एका हातात पाणी असेल. दुसऱ्या हातात काय असेल? जगातल्या इतक्या जागा सोडून ती गोळी माझ्या पोटात होती, आणि मला पाय नाहीत, तोंड नाही, चाकंसुद्धा नाहीत. ज्यांना मी आयुष्यभर हसले त्या चाकांची त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा आठवण झाली. दुसरी संध्याकाळही तशीच आली. मी मनात डॉक्टरांचं बोलणं घोळवत होते. हात जाईल, नाहीतर वाचा जाईल. शिंप्याचा हात.

तिसऱ्या दिवशी तिथे काम करणारी एक तरुणी आणि एक गणवेशातला माणूस आले. त्यांनी माझं कुलूप तोडलं. आत नाव शोधलं, पत्ता शोधला. काही नव्हतं. झबल्याचं कापड, दोरे, प्लग, मास्तरांचे पायमोजे. मग त्या माणसाची बोटं झाकणावरून फिरली आणि थांबली. त्याने पुन्हा दाबून बघितलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण संशयाला भाषा लागत नाही. त्याने ब्लेड काढलं. बाईंचे टाके सहज तुटणारे नव्हते. त्याला बराच वेळ लागला. मग अस्तर लोंबलं आणि गोळ्यांची पाकिटं बाहेर आली. शिवून लपवलेल्या गोळ्या. त्याने त्या तरुणीकडे असं बघितलं, की मला वाटलं, आता मी कायमची चोर ठरले. आता ह्या गोळ्या कुठल्या तरी कुलपात जाणार आणि मास्तर...

पण त्या तरुणीने कप्पा उलटा केला. तिथे ती बोटभर पट्टी होती. तिने आकडे वाचले आणि फोन लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "टेलरिंग."

मित्रांनो, तो आपल्या सुनेचा आवाज होता. दुकानाच्या फोनपाशी ती बसूनच असावी, कारण घंटी पुरती वाजलीही नाही. त्या तरुणीची भाषा सुनेला मोडकीतोडकीच येत होती. पण ती घाबरली नाही. सासरे, हृदय, औषध, एवढे शब्द ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग तिने गोळीचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. ती तरुणी पाकिटावर बोट ठेवून अक्षरं जुळवत गेली. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा तिने त्या माणसाला पाकीट दाखवलं, आणि त्याने ब्लेड खिशात घातलं. डबीत सोललेल्या गोळ्या असत्या तर काय जुळवलं असतं, हे मी तुम्हाला विचारते.

सुनेने लेकीचा पत्ता दिला आणि त्याच दिवशी मला विमानात चढवलं, तरी तिच्या दारात पोचायला आणखी काही दिवस गेले. लेकीच्या घराचं दार लेकीनेच उघडलं, पोट सांभाळत. आत खिडकीपाशी मास्तर बसले होते. त्यांचा जीव होता, वाचा होती. माझा जीव भांड्यात पडला. मग मी त्यांचा उजवा हात बघितला. तो मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

काय झालं ते लेक शेजारणीला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. पहिल्या संध्याकाळी, बॅग उद्या येईलच म्हणून, बाईंनी गोळी चुकल्याचं कोणाला सांगितलंच नाही. दुसऱ्या संध्याकाळी मास्तर लेकीच्या झग्याचं तुटलेलं बटण लावायला बसले आणि दोरा सुईत जाईना. ते हसून म्हणाले, "उजेड कमी आहे." दिवा लावला. तरी जाईना. मग सुई बोटांतून पडली आणि उचलताच येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रोज कोणती गोळी घेतात? बाई म्हणाल्या, "गुलाबी. लहान. मधे रेघ." डॉक्टर म्हणाले, अशा पुष्कळ असतात. तेव्हा बाईंनी लेकीच्या हातातून फोन घेतला आणि सुनेला लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेला काही विचारलं. "त्या गोळीचं नाव काय गं?" सुनेने नाव सांगितलं. गोळ्या कुठे आहेत, असं तिने विचारलं, आणि बाईंनी तेही सांगितलं.

त्या नावामुळे दवाखान्यात औषध सुरू झालं. हात हळूहळू परतला. तर्जनी मात्र आजही जरा बधिर आहे. सुई टोचली तरी मास्तरांना ते कळत नाही. सुईत दोरा आता बाई ओवून देतात.

बाईंनी माझं फाटलेलं अस्तर बघितलं, पण त्या माणसाला शिव्या दिल्या नाहीत. पाकिटं मोजून आपल्या झोळीत घातली. ती झोळी त्या झोपतानाही उशाशी ठेवायला लागल्या. मास्तर एकदा म्हणाले, "अगं, आमच्या म्हशीने शेवटी आणून दिल्याच ना गोळ्या?"

"वरातीमागून घोडं आलं तर त्याला ओवाळायचं का?" बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

बाळ झालं, मुलगी. तिची झबली लेकीच्या बोथट कात्रीने बेतली गेली. मग परतायचे दिवस आले. एका सकाळी बाईंनी मला खाटेवर उघडं ठेवलं. नवी कात्री विकत घेतली होती, ती कापडात गुंडाळून माझ्या अगदी तळाशी घातली. पुढे त्यांचा हात थांबला. मग त्यांनी फोन लावला.

"सूनबाई, बॅग उघडून बसलेय. सांग, काय कुठे ठेवू?"

पलीकडून सून म्हणाली, "आई, मोबाईलवर बघून सांगू का?"

"बघ," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

आता माझ्या मुठीला पिवळी चिंधी आहे. झाकणात नाव-पत्त्याची चिठ्ठी आहे. जिथे कप्पा होता तिथे बाईंनी चौकोनी ठिगळ लावलंय, वेगळ्या रंगाचं, मुद्दाम दिसेल असं. त्यामागे काहीही नाही. मला त्याची लाज वाटत नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या बॅगेला कपाटावर ठेवलंत तरी अधूनमधून धूळ झटका, एवढंच स्वतःसाठी मागते. बाकीचं तुमच्या माणसांसाठी. लांब जाल तेव्हा मला कपडे द्या, भांडी द्या, दगड द्या, मी वाहीन. पण ज्याच्यावाचून कोणाची एक संध्याकाळ निघणार नाही, ते माझ्या पोटात घालू नका. ते स्वतःजवळ ठेवा, आणि त्याचं नाव पाठ करा. मी भरवशाची आहे, पण मला हाक मारता येत नाही.